सात इंच

दुकानात दोन शिवणयंत्रं होती, कापणीचं एक लांब टेबल, तीन कात्र्या, भिंतीवर सोळा खुंट्या, त्यांतल्या अकरांवर शिवून झालेले कपडे, आणि दर्शनी भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत चोवीस फूट सात इंच अंतर. शेवटचा आकडा तिने तीनदा घेतला. तिन्ही वेळा तोच आला. मग स्टीलची टेप मिटवून तिने पर्समध्ये टाकली, गुडघ्याला लागलेला खडू झटकला, आणि दादा गिऱ्हाइकाकडून परत यायच्या आत दुकानाबाहेर पडली.

वाटणीपत्रात चोवीस फूट लिहिलं होतं.

ते पत्र तिला पाठ होतं. वडील शिंपी. जायच्या दोन वर्षं आधी त्यांनी राहत्या जागेची वाटणी करून, नोंदवून टाकली. पुढचं दुकान मुलाचं, मागच्या दोन खोल्या मुलीच्या. दुकानाच्या कडेचा बोळ मुलाच्या मालकीचा, पण त्यातून जायचा-यायचा हक्क मुलीला कायमचा, कारण दुकानात न शिरता मागे पोचायला दुसरी वाटच नव्हती. आणि मागची खिडकीची खोली मुलीच्या नावावर असली, तरी त्यांच्या बहिणीला, म्हणजे आत्याला, ती हयात असेपर्यंत तिथून कोणी हलवायचं नाही. एवढ्याशा जागेत मालक दोन, वाट एकाची पण चालणार दुसरी, आणि नावावर काही नसून पक्की बसलेली आत्या. वकीलबाईंनी पत्र वाचलं तेव्हा त्यासुद्धा म्हणाल्या, की तुमच्या वडिलांनी कागद फार निगुतीने बेतलाय.

तीन वर्षांपूर्वी ती चार महिने प्रशिक्षणाला बाहेरगावी गेली होती. तेवढ्यात दादाने दुकान आणि तिच्या खोल्या यांच्यामधली भिंत पाडून नवी बांधली. ओल आली होती म्हणे. तेव्हा तिने आभारही मानले होते. पण परत आल्यापासून तिच्या कपाटाचं दार पूर्वीसारखं सताड उघडेना, पलंगाला आपटू लागलं. भिंतीलगतची फरशी अर्धी कापलेली दिसली. एकेक खूण ती मनात नोंदवत गेली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी बाई ती. एका लक्षणावर निदान करत नसे, पण तीन लक्षणं एका दिशेला बोट दाखवू लागली की तिला झोप लागत नसे. आणि आता चौथं लक्षण आकड्यातच हाती आलं होतं. दादाने भिंत सात इंच तिच्या अंगावर सरकवली होती.

वकीलबाईंनी नोटीस तयार केली, पण पाठवण्याआधी मोजणीदाराचा कागद हवा म्हणाल्या. शिवाय एक गोष्ट त्यांनी स्पष्ट सांगितली, की प्रकरण कोर्टात गेलं तर समोरचा अख्ख्या वाटणीवरच हरकत घेईल. मग भिंतीबरोबर बोळाची वाट आणि आत्याची खोली, सगळंच निकाल लागेपर्यंत लोंबकळत राहील.

आत्याने हे ऐकून घेतलं आणि बटणं निवडता निवडता विचारलं, "म्हणजे सात इंचांसाठी मी मागचे वीस फूट घालवायचे का?"



मोजणीदार येणार हे दादाला कुठून कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळाच्या फाटकाला कुलूप होतं. मोजणी होईपर्यंत बोळ बंद, असं त्याने वहिनीकडून कळवलं. त्यानंतरचे पाच दिवस तिला दुकानातून, गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांना वळसा घालून, मागच्या दाराने घरात जावं लागलं. दादा मान वर करत नसे. ती जाताना यंत्र मात्र जरा जोरात चालवी. वाट अडवली, हे लक्षण पाचवं. ज्याच्या मनात काही नसतं तो कुलूप कशाला लावील?

मोजणीदार म्हातारा होता, खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. त्याने आधी बाहेरचे चारही दगड शोधले, सरकारी नकाशा पसरला आणि हद्द तपासली. हद्द नकाशाशी तंतोतंत जुळली. मग त्याने दुकान मोजलं.

"चोवीस फूट सात इंच," तो म्हणाला. "वर एखादं सूत असेल."

तिने दादाकडे पाहिलं. दादाने कात्री टेबलावर ठेवली.

"काटा, तू बोलून टाक एकदाचं," तो म्हणाला. लहानपणी दोघांतला खाऊ तीच वाटायची आणि दाणाही इकडचा तिकडे होऊ देत नसे, म्हणून तिला तो काटा म्हणायचा. गेल्या पाच दिवसांत त्याने तिला मारलेली ही पहिली हाक.

"मी कशाला बोलू? टेप बोलतेय," ती म्हणाली.

मोजणीदार एव्हाना मागच्या दाराकडे निघाला होता. तिने त्याला विचारलं, की तिकडे आता कशाला.

"बाई, भिंतीला दोन बाजू असतात," तो म्हणाला.

तिचा चेहरा गरम झाला. प्रयोगशाळेत रोज सकाळी पहिला नमुना ती आकडे आधीच माहीत असलेल्या रक्ताचा लावायची. यंत्र खरं सांगतंय की नाही हे पाहिल्याशिवाय कुणाचंही रक्त मोजायची नाही. आणि इथे तीनदा मोजलं होतं, पण तिन्ही वेळा दादाच्याच बाजूने.

मागची लांबी वीस फूट सहा इंच निघाली. कागदावर वीस होती. बोळाची रुंदी कागदावर चार फूट होती. कुलूप काढून मोजली तर चार फूट एक इंच आणि वर थोडं.

"वा," दादा म्हणाला. "माझे सात, तर तुझे सहा. तू कुणाचे खाल्लेस?"

"मी काही बांधलंच नाही. मला काय विचारतोस?"

"नाही, टेप बोलतेय ना, म्हणून म्हटलं."

मोजणीदाराने दोघांना गप्प केलं. भिंत सरकली असती, तर एकाचं वाढून दुसऱ्याचं घटलं असतं, असं त्याने समजावलं. इथे तर सगळ्यांचंच वाढलं होतं आणि बाहेरची हद्द जागच्या जागी होती. त्याच्या नोकरीत जागा वाढलेली त्याने आजवर फक्त भाषणांत ऐकली होती.

"मग माझी फरशी का कापलीय? आणि कपाटाचं दार पलंगाला का आपटतं?" तिने विचारलं.

"पलंग मी ओढला," दारातून आत्या म्हणाली. "तू नव्हतीस तेव्हा. खिडकीतलं ऊन डोळ्यांवर यायचं म्हणून माझं बाकडं तुझ्या खोलीत टाकलं होतं. विचारायचं होतंस की."

"आणि फरशी जुनी भिंत पाडताना फुटली, म्हणून गवंड्याने कापली," दादा म्हणाला.

मोजणीदाराने पेन्सिल कानावरून काढली आणि ही वाटणी मुळात मोजली कशाने, असं विचारलं.

"कशाने म्हणजे? त्याच्या टेपने," आत्या म्हणाली. "दुसरं टोक मीच धरलं होतं."

वडिलांचा एक नियम होता. एका दुकानात दोन टेप नकोत, नाहीतर मापं आपापसांत भांडतात. तेवीस वर्षं त्यांनी एकच कापडी टेप वापरली. तिनेच माणूस मोजला, तिनेच कापड कापलं, आणि कधी कुणाचा सदरा तंग झाला नाही. ते गेल्यावर दादाने नवी टेप आणली. जुनी आत्याने बटणांच्या डब्यात जपून ठेवली होती. ती तिने आणून कापणीच्या टेबलावर ठेवली. पिवळी, मऊ, पहिले आकडे पुसलेली. शिंप्याची टेप साठ इंचांची असते, हीही साठाचीच होती.

दादाने ती उलगडायला हात पुढे केला.

"तू धरू नकोस, ताणशील," ती म्हणाली.

"मग तू तर सैलच सोडशील."

दोघांनी हात मागे घेतले. आत्याने टेप टेबलावर अंथरली आणि तळव्याने सुरकुत्या घालवल्या. दादा बोळाकडे गेला, फाटकाच्या कडीत अडकवून ठेवलेलं कुलूप घेऊन आला आणि ते टेपच्या एका टोकावर ठेवलं. दुसऱ्या टोकावर तिने मोठी कात्री ठेवली. मग पर्समधली स्टीलची टेप काढून शेजारी सरळ लावली. दादाने वाकून शून्य शून्याशी जुळवलं. तिने ते तपासलं, आणि दुसऱ्या टोकाशी जाऊन, एक डोळा मिटून आकडा वाचला.

कापडी टेपच्या साठाव्या खुणेसमोर स्टीलच्या टेपवर साडेएकसष्ट इंच होते.