संपलं म्हणू नये

मुंगीच्या घरात कधी काही संपत नसे. साखर वाढायची, मीठ वाढायचं, तेल वाढायचं; संपायचं मात्र काहीच नाही. हा सासूबाईंचा कायदा होता. मुंगीची आई लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती सहज "चहाची पूड संपली" असं बोलून गेली आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे तिचे कान उपटले. संपलं म्हणू नये, वाढलं म्हणावं. भरल्या घरात तसला शब्द तोंडातून काढू नये. सून मनातल्या मनात हसली, पण सवय ती सवय. पुढे पुढे ती कामावरही "साबण वाढला" म्हणू लागली. लाँड्रीत ती वाफेच्या इस्त्रीवर होती, आणि तिचा मालक बिचारा तो वाढलेला साबण कपाटात शोधत बसायचा.

मुंगी हे अर्थातच टोपणनाव. पोरगी आठ वर्षांची होती आणि पाचाची दिसायची. खायची सगळं, अंगी लागायचं काही नाही, उलट जेवण झालं की पोट धरून कण्हत पडायची. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि निदान सांगितलं, की हिला धान्य सोसत नाही आणि दूधही सोसत नाही. गहू, तांदूळ, मका, सगळं बंद. दुधाचा थेंब नको, लोण्याचं बोट नको. सासूबाईंनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पोरीने काय वारा पिऊन राहायचं?

मुंगीचा बाप लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा. घरी असला की झोपलेला, नसला की नसलेला, त्यामुळे त्याचा असून-नसून फरक फारसा कळत नसे. पण एका फेरीहून येताना त्याने वॉफलचं यंत्र आणलं. रस्त्याकडेच्या कुठल्याशा खानावळीतल्या स्वयंपाकिणीने त्याला सांगितलं होतं, की बदामाच्या पिठाचेही वॉफल होतात, त्यात ना धान्य ना दूध. "बाहेर इस्त्री, घरातही इस्त्री, तुझी काही सुटका नाही," असं बायकोला चिडवून तो झोपायला गेला.

यंत्र म्हणजे खरोखर इस्त्र्याच, दोन, एकमेकींवर मिटलेल्या, आणि दोघींना आतून चौकोनी खणांची जाळी. एका वेळी दोन वॉफल निघायचे, शेजारी शेजारी. मुंगीच्या आईने बदाम दळले. जास्त दळले की तेल सुटून लगदा होतो, हे पहिल्याच खेपेला कळलं. नारळाचं घट्ट दूध, अंडी, साल काळी पडलेलं केळं, चिमूटभर मीठ. शेवटी सोडा आणि त्यावर लिंबू, म्हणजे मिश्रण फसफसून हलकं होतं. सगळं काट्यावर तोलून घ्यायचं, कारण बदामाच्या पिठाला अंगचा चिकटपणा नाही आणि थोडं कमीजास्त झालं की वॉफल धड सुटत नाही.

एवढं करूनही पहिला घाणा बिघडलाच. वाफ येतच होती, तोवर तिने झाकण उचललं आणि दोन्ही वॉफल फाटले, अर्धे वर, अर्धे खाली. वाफ थांबल्याशिवाय कापडाला हात लावू नये, असं नव्या पोरींना शिकवणारी ही बाई, पण दिव्याखाली अंधार. तिने तुकडे खरवडून एका ताटलीत काढले आणि ताटली भिंतीकडच्या खुर्चीपुढे सारली, कारण त्या खुर्चीत कोणी बसत नसे. दुसऱ्या घाण्याला तिने वाफ पुरती थांबू दिली. वॉफल सोनेरी निघाले, कडा कुरकुरीत. मुंगीने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि पोट धरलं नाही.

"अजून वाढ," मुंगी म्हणाली.

आपल्या भाषेची गंमत बघा, ताटात घालतात तेही वाढणं आणि अंगाने मोठं होतात तेही वाढणं. आईला दोन्ही एकदम ऐकू आलं आणि तिचे डोळे भरून आले. "तूही वाढ गं बाई," ती वाढता वाढता म्हणाली. पोरीने वाढावं, एवढंच तिला या जगात हवं होतं.

आवराआवर करताना तिने भिंतीकडची ताटली उचलली आणि तिचा हात एकदम वर गेला. ताटलीत काहीच नसल्यासारखी ती हलकी होती. तुकडे तर जिथल्या तिथे दिसत होते. तिने एक तोंडात टाकला. चव नाही, वास नाही, दाताखाली काही आल्याची जाणीवसुद्धा नाही. काटा समोरच होता. तिने सगळे तुकडे त्यावर ठेवले. काटा शून्यावरून हलला नाही. चमचा ठेवला, तर चमच्याचं वजन मात्र त्याने बरोबर दाखवलं.

बदाम जुने असतील, असं म्हणून तिने तो विषय कचऱ्याच्या डब्यात टाकला. पण पुढच्या सुट्टीला पहिला घाणा नीट निघाला, तरी तिने, का कोण जाणे, त्यातला एक वॉफल भिंतीकडे ठेवलाच. जेवणं उरकल्यावर पाहिलं. वॉफल अख्खा, सोनेरी, आणि वजन शून्य. खुर्चीवरच्या उशीला मधोमध खळगा पडला होता, मांजर बसून उठल्यावर पडतो तेवढा. घरात मांजर नव्हतं. तिने उशीवर हात ठेवला, तर उशी उबदार होती.

तेव्हा तिला कळलं. कळूनही ती घाबरली नाही, आणि खरी घाबरण्यासारखी गोष्ट हीच होती.

मुंगी एकटी जन्मली नव्हती. दोघी होत्या, त्यातली एकच रडली. इस्पितळात आईला शुद्ध आली तेव्हा सासूबाई उशाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या जिभेला जेवढं झेपलं तेवढंच त्यांनी सांगितलं: "एक आली, एक राहिली." राहिली म्हणजे कुठे राहिली, हे विचारायचं धाडस हिला झालं नाही. पुढे कोणी विषय काढला नाही. मुंगीला तर कोणी सांगितलंच नाही. त्या एका शब्दावर मुंगीच्या आईने आठ वर्षं काढली होती. राहिली, म्हणजे असेल कुठेतरी.

आता ती इथे होती, भिंतीकडच्या खुर्चीत, आणि तिला भूक होती. आईला आणखी काय हवं असतं? मुंगीची आई पहाटेच उठून बदाम भिजवू लागली, सोलू लागली, वाळवून दळू लागली. चांगल्यातला चांगला वॉफल भिंतीकडे जाऊ लागला. ताटली ठेवताना ती खालच्या आवाजात म्हणायची, "वाढ गं, वाढ," आणि उशीचा खळगा खरोखरच वाढत होता. आधी मांजराएवढा होता, मग रांगत्या मुलाएवढा झाला. त्या खळग्याकडे बघून तिला इतका आनंद व्हायचा, की तिची तिलाच लाज वाटायची. लाँड्रीतल्या बायका म्हणू लागल्या, बाई, हल्ली तुझ्या तोंडावर तेज आलंय.

मुंगीचं पोट आता दुखत नव्हतं. पहिल्या महिन्यात तिचं वजनही चढलं आणि डॉक्टरीणबाई खूश झाल्या. दुसऱ्या खेपेला वजन तिथेच होतं. तिसऱ्या खेपेला खाली आलं. पथ्य मोडतंय का, असं त्यांनी खोदून खोदून विचारलं. मोडत नव्हतं. मुंगी ताटली चाटूनपुसून खात होती आणि तिच्या गळ्याची हाडं वर येत होती.

सासूबाई सगळं बघत होत्या. रोज अख्खे वॉफल कचऱ्यात पडतात, हे त्यांच्या नजरेतून कसं सुटेल? एक दिवस त्यांनी भिंतीकडच्या ताटलीतला तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेली ताटली हातावर तोलून पाहिली. मग सुनेला म्हणाल्या, "पोर खाते आणि तिच्या अंगी लागत नाही. मग लागतंय कोणाच्या?"

सुनेला उत्तर माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मुंगीला अगदी ताजा, वाफ निवलेला वॉफल वाढला. मुंगीने घास घेतला, चावला, आणि हळूच ताटलीत परत काढून ठेवला.

"आई, हा रिकामा आहे," ती म्हणाली.

मुंगीची आई तो वॉफल घेऊन काट्याकडे गेली. काटा शून्यावर. आत्ता आत्ता, तिच्या हातातून पोरीच्या ताटलीत पडेपर्यंत, तो रिकामा झाला होता. वाढताना ती कोणाकडे बघत होती? उशीकडे. रोज उशीकडेच. हात एकीच्या ताटात आणि जीव दुसरीच्या ताटात, आणि अन्न बिचारं जिथे जीव जाईल तिथे जात होतं. एका पोरीला जेवू घालता घालता ती दुसरीला उपाशी मारत होती, आणि तेही हौसेने.

ती भिंतीकडच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. उशीचा खळगा आता मुंगीच्या मापाचा होता. पिठाचा डबा तिने काखेत धरला होता. त्यात खरोखरच काही उरलं नव्हतं. तिने डबा उपडा करून दाखवला आणि सांगायचं ते सांगायला तोंड उघडलं. पण जीभ आठ वर्षांच्याही आधीची वळलेली. तोंडातून बाहेर पडलं, "वाढलं गं. आता वाढलं."

खुर्ची करकरली. उशी आणखी खोल दबली, आणि खुर्चीचे मागचे पाय मोठ्या माणसाचा भार पडावा तसे फरशीवर घासले. मुंगीने टेबलाची कड घट्ट धरली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि त्यांनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला.

"तसं नको म्हणूस," त्या म्हणाल्या. "खरा शब्द म्हण. तेव्हाच मी तुला सांगायला हवं होतं, माझ्याच्याने झालं नाही. ती राहिली नाही गं. कुठेच राहिली नाही."

मुंगीची आई खुर्चीपुढे खाली बसली. त्या उशीवरून तिला एकदा हात फिरवायचा होता, पण तिने तो फिरवला नाही. हात फिरवला असता तर पुढचं बोलणं झालंच नसतं.

"संपलं, बाळा," ती म्हणाली. "पीठ संपलं. तूही संपलीस. माझ्या पोटातच संपलीस, आणि मी ते ऐकूनच घेतलं नाही. आता माझ्याकडे तुला वाढायला काही नाही."

बराच वेळ काही झालं नाही. मग उशी हळूहळू वर आली, सपाट झाली, आणि नुसती उशी उरली. मुंगीची आई तिथेच जमिनीवर, आठ वर्षं जे रडायचं राहून गेलं होतं ते रडली. सासूबाई शेजारी बसून तिच्यासोबत रडल्या.

मुंगी आपल्या खुर्चीवरून उतरून आईजवळ आली. कोणाशी बोलत होतीस, असं तिने विचारलं नाही. आईच्या गळ्यात हात टाकून ती समजूत काढल्यासारखी म्हणाली:

"तिला भूक नव्हतीच, आई. कधीच नव्हती. ती मला म्हणायची, आई इतकं वाढतेय, उठून गेले तर तिला वाईट वाटेल."