आतल्या यंत्राला दिसलेला बिट

सुहासिनी जालन्यातच लहानाची मोठी झाली, पण नोकरीसाठी पुण्याला जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. २००९ साली तिच्या कंपनीने चाचणीचं काम नवीन जालना भागातल्या एका छोट्या ऑफिसला दिलं, तेव्हा जवळच्या वाटूर गावचा धर्मराज तिच्या हाताखाली आला.

काम किचकट होतं. एका कॉम्प्युटरच्या पोटात प्रोग्रामने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर, आणि त्याच्या पोटात तिसरा. प्रोसेसर कसा चालणार, हे कंट्रोल रजिस्टर नावाच्या त्याच्या छोट्या कप्प्यातले बिट, म्हणजे चालू-बंदच्या खुणा, ठरवतात. खरं रजिस्टर एकच. आतल्या दोघांना त्याचं नुसतं सोंग दाखवायचं. सगळ्यात आतल्याने रजिस्टर वाचलं, तर मधल्याने त्याच्यासाठी ठेवलेली किंमत दिसली पाहिजे, खरी नव्हे. हा कोड सुहासिनीने लिहिला होता.

धर्मराजचा फोन आला. "मॅडम, आपण आपल्या सोयीसाठी लावलेला बिट पार आतल्याला दिसून राह्यला. मधल्याला पत्ताच न्हाई. आजोबाची गोष्ट बापाला ठाऊक न्हाई अन् नातू गावभर सांगून राह्यला!"

ती हसली, आणि घाईघाईत समजावू लागली. तो बिट मधल्यानेच मागितला असणार, तुमची चाचणीच कुठेतरी चुकतेय.

"बराबर," धर्मराज म्हणत राहिला. "बराबर, मॅडम. बराबर."

तिने कोड पाठवला. खाली रिवाजाप्रमाणे ओळ लिहिली: तपासणारा, धर्मराज.

ग्राहकासमोर त्याच बिटापायी आतलं यंत्र सुरू होता होताच कोसळलं. पुण्यातल्या तिच्या साहेबांनी कोडखालचं नाव वाचलं आणि जालन्याचं काम काढून घेतलं.

"तुम्हीच बराबर म्हणालात ना?" तिने फोनवर विचारलं.

"ऐकून राह्यलो म्हून बराबर म्हन्लं. तपासलं कुठं म्हन्लं? तुम्ही तर इथल्याच ना, मॅडम?"

तिला आठवलं. तिचे वडीलही फोनवर असंच बोलायचे. समोरच्याचं एक अक्षर पटलेलं नसलं, तरी दर वाक्याला बराबर. पुण्यात राहून तिचा कानच बदलला होता.

चूक आपली आहे, असं तिने साहेबांना कळवलं. काम दुसऱ्यांना देऊन झालंय, एवढंच उत्तर आलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. तिने ती केली आणि खाली लिहिलं: दोष दाखवणारा, धर्मराज. पाठवण्याआधी विचारायला त्याला फोन लावला. तो आता एका बियाणे कंपनीत पावत्या टाइप करत होता.

"नाव काढा, मॅडम," तो म्हणाला. "मागच्या टायमाला न विचारता टाकल्तं. आता विचारलं, तर ऐका तरी."

तिने नावाची ओळ खोडली आणि दुरुस्ती तशीच पाठवून दिली.