मुंगीची झोप

थोरली आणि मुंगी जुळ्या बहिणी. थोरली घटकाभर आधी जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर मोठेपणा मिरवत आली. धाकटी कधी बसलेली दिसायची नाही, म्हणून ती मुंगी. चेहरे इतके सारखे, की शाळेत एकीची शिक्षा दुसरीने भोगली तरी पत्ता लागत नसे.

वडील ऐन चाळिशीत हृदयविकाराने गेले. पुढे आईला पक्षाघात झाला. तोवर थोरली लग्न करून दुसऱ्या शहरात गेली होती आणि तिथल्या तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवत होती. मुंगीने आईच्या खाटेशेजारी शिलाई मशीन मांडलं आणि लोकांचे पडदे शिवायला घेतले. रात्री आईला कुशीवर वळवायचं, ओलं बदलायचं, चमच्याने पाणी पाजायचं. वर्षानुवर्षं हेच. थोरली वर्षातून एकदा यायची, "काही लागलं तर सांग हं" म्हणायची आणि निघून जायची. मुंगीने कधी काही सांगितलं नाही.

वडील गेले त्या वयाला पोचल्यावर थोरलीने हृदय तपासून घ्यायचं ठरवलं. तिने मुंगीलाही ओढून तपासणीला नेलं. दिवसभर दोघींच्या छातीवर यंत्र चिकटवलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई दोघींच्या ठोक्यांचे आलेख शेजारी-शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिल्या.

"निरोगी हृदय अगदी एकसारख्या तालात ठोके देत नाही," त्या म्हणाल्या. "श्वास घेताना जरा घाई करतं, सोडताना सावकाश होतं. ठोक्यांमधलं अंतर असं बदलत राहणं चांगलं. थोरल्या बाईंचं बदलतंय. यांचं जवळजवळ नाहीच."

"पण आम्ही तर जुळ्या," थोरली म्हणाली.

"म्हणूनच. यातलं काही आईबापांकडून येतं, काही राहणीतून. तुमचं रक्त एकच, तेव्हा फरक बहुतेक राहणीचा. झोप कशी आहे?"

मुंगी हसली. "चांगली असते म्हणतात."

"हसू नका. हा काही मरणाचा दाखला नव्हे, पण इशारा आहे. सवयी बदलायला हव्यात."

"सवय नाही हो," मुंगी म्हणाली, "आई आहे ती."

जिना उतरून खाली आल्यावर थोरली म्हणाली, "मी येते राहायला. आईचं मी बघते. तू नुसती झोप."

"आता?" मुंगीने एवढंच विचारलं.

थोरली खरोखरच आली. नवऱ्याची कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी केली, आईला उचलायला शिकली, पाठीच्या जखमा धुवायला शिकली. मुंगी आतल्या खोलीत निजायची, पण आईने नुसतं कण्हलं की दारात उभी.

"अगं, मी आहे ना इथे! झोप की!"

"डोळे मिटतात गं, कान मिटत नाहीत."

एका दुपारी मुंगी पडद्याला कडा घालत भिंतीला टेकली आणि तिची मान कलली. थोरलीला कोण आनंद झाला. तिने हलकेच तिच्या मांडीवरचा पडदा काढून घेतला, खिडकी लोटली, शेजारीण डोकावली तर तोंडावर बोट ठेवून तिला परत पाठवलं. कितीतरी वेळ ती पावलं न वाजवता वावरली. चहा घेऊन उठवायला गेली, तेव्हा मुंगीचा हात गार पडला होता.

"मी आधी आले असते तर?" तिने नंतर डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

थोरली परत गेली नाही. तरणतलावावर दुसरी बाई लागली. नवऱ्याचे फोन आधी रागाचे होते, मग कमी झाले.

आईला काही समजत नव्हतं. ती "मुंगे" म्हणून हाक मारायची. सुरुवातीला थोरली सांगायची, "मुंगी गेली, आई." आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडायची. मग थोरलीने सांगणं सोडलं आणि ती त्याच नावाला ओ देऊ लागली.

एकदा अंग पुसताना आईने विचारलं, "मुंगे, थोरली आली नाही गं या वर्षी?"

"यायचीय अजून," ती म्हणाली, आणि आईच्या मानेखाली हात घालून तिने तिला कुशीवर वळवलं.