कारखान्याची वक्ररेषा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शरणप्पा हत्तुरे यांचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं उर्वी जोशी बघायची. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढण्यापासून परदेशी गिऱ्हाइकांच्या पोर्टलवर कागदपत्रं चढवण्यापर्यंत. तिच्यावर जनरल मॅनेजर चिंतामणी देशपांडे होते. ते कॉम्प्युटरचं काही बघत नसत, फक्त मंजुरी देत असत.

एके दिवशी जर्मनीतल्या गिऱ्हाइकाची मेल आली. यापुढे मालाच्या कागदांवर डिजिटल सही लागेल. त्यासाठी दोनशे छप्पन्न बिटांच्या ठरावीक वक्ररेषेवर किल्ल्यांची जोडी बनवा. पब्लिक की आम्हाला पाठवा, प्रायव्हेट की स्वतःजवळ जपून ठेवा. मेलमध्ये वक्ररेषेचं नावसुद्धा दिलं होतं. चहा निवायच्या आत उरकावं असं काम. उर्वीनं कमांड टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि आपल्या मशीनवर ती वक्ररेषा आहे ना, हे बघायला सगळी यादी मागवली. पडद्यावर नावंच नावं धावली. नेमके तेव्हाच देशपांडे सर तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हे काय चाललंय?"

"सर, एलिप्टिक कर्व्ह. यातली एक घेऊन की बनवायची आहे."

"कुठली घेतलीस?"

"दोनशे छप्पन्नवाली. त्यांनीच सांगितलीय."

सरांनी चष्मा वर केला आणि यादी खालपर्यंत वाचली. "इथं तर पाचशे एकाहत्तर दिसतंय. मोठी असताना आपण लहान का घ्यायची?"

उर्वीनं शांतपणे सांगितलं, की वक्ररेषा म्हणजे गणिताचं एक समीकरण. तिचे आकडे, म्हणजे पॅरामीटर, जगजाहीर असतात आणि सगळे तेच वापरतात. गुपित असतो तो फक्त आपला एक आकडा, तीच प्रायव्हेट की. आणि समोरच्याला जी वक्ररेषा कळते तीच आपण घ्यायची असते.

"म्हणजे निवडीचा प्रश्न आहे," सर म्हणाले. "मीटिंग घेऊ."

मीटिंग झाली. विषय क्रमांक एक, वक्ररेषेची निवड. अकाउंट्सवाल्यांनी विचारलं, यावर जीएसटी लागतो का. डाइंगवाल्यांनी रंगाबद्दल विचारलं. मालक शरणप्पा एवढंच म्हणाले, "कंटेनर भरून हुबा हाय. कागद कवा जाणार ते सांगा की."

"मालक, घाई करून चालणार नाही," देशपांडे सर म्हणाले. "कंपनीच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे."

प्रतिष्ठेचा प्रश्न म्हटल्यावर पाचशे एकाहत्तर एकमतानं मंजूर झाली. उर्वीचं मत कुणी विचारलं नाही. तिला मिनिट्स लिहायचे होते.

तिनं त्या वक्ररेषेवर जोडी बनवली आणि पब्लिक की पोर्टलवर चढवली. पोर्टलनं तत्काळ लाल अक्षरांत कळवलं, ही वक्ररेषा आम्ही घेत नाही. सरांनी ते वाचलं आणि समाधानानं मान हलवली. "बघ, त्यांना झेपत नाहीये."

मग सरांनी इंटरनेटवर थोडा अभ्यास केला. ही या कहाणीतली सर्वांत धोकादायक घटना. वक्ररेषेचं नुसतं नाव न देता तिचे सगळे आकडे फाइलमध्ये उघड लिहिता येतात, हे त्यांना समजलं. "आपली पाचशे एकाहत्तरचीच वक्ररेषा घे, पण सविस्तर लिही. जर्मन माणसाला डिटेल आवडतं." उर्वीनं सांगून पाहिलं, की असं लिहिलेलं बहुतेक ठिकाणी नाकारतात. शेवटी तिनं तशीही फाइल बनवली. पोर्टलनं तीही परत केली.

कंटेनर जागचा हलला नव्हता. शरणप्पा आता दर चहाला उर्वीच्या टेबलापाशी यायला लागले. "पोरी, ह्ये असं किती चालायचं गं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. उर्वीला वाईट वाटलं. तिनं कुणाला न विचारता मेलमधल्या नावाची, दोनशे छप्पन्नची जोडी बनवली. पॅरामीटर, प्रायव्हेट की, पब्लिक की, तिन्ही फाइली एका फोल्डरमध्ये ठेवल्या आणि सरांना म्हणाली, "सर, झालं. फक्त पब्लिकवाली चढवायची राहिलीय."

"थांब. गिऱ्हाइकाशी अधिकृत पत्रव्यवहार माझ्या सहीनंच जाईल."

सरांनी फोल्डर उघडलं. एका फाइलवर लिहिलं होतं प्रायव्हेट, एकीवर पब्लिक. त्यांना क्षणभरही शंका आली नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असल्यामुळे त्यांनी प्रायव्हेटवाली फाइल मेलला जोडली. पब्लिकवाली शेअर बाजारातल्या कंपन्यांसाठी असणार, म्हणून ती त्यांनी डिलीटसुद्धा केली. मेलची प्रत सगळ्या विभागप्रमुखांना आणि कारखानदारांच्या असोसिएशनला गेली. असोसिएशनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी फाइलचा फोटोही टाकला. खाली लिहिलं, 'सोलापूरचा टॉवेल आता डिजिटल!' टाळ्यांचा पाऊस पडला.

उर्वीनं तो फोटो पाहिला तेव्हा ती जेवत होती. डबा तसाच ठेवून ती केबिनकडे धावली.

"सर, ती की गेली! आता कुणीही आपल्या नावानं सही करू शकतं!"

"कुणीही म्हणजे? ग्रुपमध्ये सगळे आपलेच आहेत."

जर्मनीहून उत्तर आलं, अत्यंत नम्र. ती की आम्ही नष्ट केली आहे, तुम्हीही करावी. कृपया नवी बनवा, पब्लिक भाग पोर्टलवर चढवा, आणि हे काम ज्यांना कळतं त्यांनाच करू द्या. शेवटचं वाक्य शरणप्पांनी उर्वीकडून दोनदा वाचून घेतलं.

मग ते देशपांडे सरांना म्हणाले, "तुमी बसा. उर्वी करंल."

उर्वीनं नवी जोडी बनवली. प्रायव्हेट कीला पासवर्ड लावला आणि दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाही अशी ती ठेवली. पब्लिक की चढवली. पोर्टलनं हिरवी खूण दिली आणि संध्याकाळी कंटेनर फाटकाबाहेर पडला. सरांनी पासवर्ड मागितला, नुसता रेकॉर्डसाठी. "नाही सर," ती म्हणाली. नोकरी लागल्यापासून सरांना दिलेला तिचा पहिला नकार. सरांनी मालकांकडे पाहिलं. मालक खिडकीतून दूर जाणारा कंटेनर बघत होते.

पुढच्या महिन्यात असोसिएशननं 'एलिप्टिक कर्व्ह आणि आपला टॉवेल उद्योग' या विषयावर मार्गदर्शन ठेवलं. वक्ते अर्थातच श्री. चिंतामणी देशपांडे. ते तासभर बोलले, त्यांना शाल मिळाली. उर्वीला स्लाइड पुढे सरकवायचं काम मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन वाजला. बाजूच्या कारखान्यातून मल्लिनाथ नावाचे मॅनेजर बोलत होते.

"मॅडम, देशपांडे साहेब म्हणाले तुमची प्रायव्हेट की लई भारी हाय. आमाला बी एक कॉपी पाठवा की."