उजव्या खांद्याची पिन

माझं कुणी खरं मानलं नाही. मानतील कसे? मला झाकण आहे, तोंड नाही. मी बारा खणांची प्लॅस्टिकची डबी. पण त्या दुपारी त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, तो आणि मी, आणि काय घडलं ते मी झाकण उघडं टाकून बघितलं. आज बोलून मोकळी होते. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

जन्म माझा कारखान्यातला, साच्यातून धपाधप पडणाऱ्या हजारोंमधला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिलं काम मिळालं शिंप्याच्या दुकानात, बटणं सांभाळायचं. तिथे ताई उसवायला बसायची. शिवणाऱ्यांना शाबासकी, उसवणारीला पाठदुखी. दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं तिच्या हातावर आठवण म्हणून ठेवलं काय, तर मला.

ताईचा धाकटा भाऊ खेळण्यातले रोबो रंगवतो. हातपाय दुमडले की ज्यांचा ट्रक नाहीतर विमान होतं, ते रोबो. चांगली मिशा पिकलेली माणसं आपले लहानपणचे रोबो जपून आणतात आणि हा बारीक फवाऱ्यानं, एअरब्रशनं, त्यांना नवा रंग चढवतो. गिऱ्हाइकं त्याला ‘कलाकार’ म्हणतात. असेल बाबा. पण रंगवण्याआधी रोबो पुरता खोलावा लागतो, नाहीतर सांध्यांत रंग बसून हातपाय आखडतात. ते खोलणं ताईचं. अकरा वर्षं.

ती म्हणायची, कापड उसवा की रोबो खोला, घाई करणारा फाडतोच. माझ्या पहिल्या खणात डोकं, दुसऱ्यात छाती, तिसऱ्यात उजवा हात, चौथ्यात डावा. शाळा चौथीपर्यंतच झाली तिची, पण एक स्क्रू कधी चुकीच्या खणात पडला नाही.

स्क्रू सोपे हो. खरी गोम सांधा धरून ठेवणाऱ्या पिनेत. पिनेच्या एका टोकाला बारीक दाते असतात, दुसरं टोक गुळगुळीत. ठोकायचं ते गुळगुळीत टोकाकडून, म्हणजे दाते आले तसे मागे जातात. दात्यांकडून ठोकलं की ते अख्खा सांधा ओरबाडत जातात आणि प्लॅस्टिक तडकतं. ताई ठोकण्याआधी प्रत्येक पिनेवर नख फिरवून बघायची. प्रत्येक.

एक दिवस शाळेच्या बसचा ड्रायव्हर आपला रोबो घेऊन आला. नऊ वर्षांचा असताना मिळालेला. म्हणाला, “घरच्या पोरांनाही हात लावू देत नाही मी याला.”

ताई म्हणाली, “मग माझ्या हातात कसा दिलात?”

“तुम्ही आधी हात धुऊन आलात. बघितलं मी.”

ताई एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

दोन दिवसांनी दुपारी तिला डोळे तपासायला जायचं होतं. रोबोच्या उजव्या खांद्याची पिन गंजून घट्ट बसली होती. निघताना तिनं भावाला बजावलं, “तेवढ्या खांद्याला हात लावू नकोस. आल्यावर तेल सोडून मी काढते.”

“बरं बाई, जा तू. डॉक्टर काय तुझ्यासाठी थांबणारेय?”

ती गेली आणि यानं हातोडी घेतली. अस्तराचा, म्हणजे खालचा पहिला, रंग मारायची घाई साहेबांना. दाते कुठल्या बाजूला, बघायचं नाव नाही. टक्. टक्. तिसऱ्या ठोक्याला पिन निघाली आणि खांद्यावर पांढरी रेघ उमटली, केसाएवढी. त्यानं ती बघितली. त्याला बघताना मी बघितलं. रेघेवर अंगठा फिरवला, तोंडानं ‘च्’ केलं, पिन माझ्या चौथ्या खणात भिरकावली आणि करडं अस्तर मारून टाकलं. रेघ गेली.

ताई परत आली. “हा खांदा कुणी काढला?”

“निघाला गं. सैलच होती पिन.”

“मघाशी तर हलत नव्हती. आणि उजवी पिन डाव्याच्या खणात कशी?”

“खण तो खण. तुझं आपलं काहीतरीच!”

तिनं खांदा उजेडात धरून पाहिला. अस्तराखाली काय दिसणार? भावाचा शब्द मानला तिनं. त्यानं मारलेला निळा रंग वाळल्यावर रोबो जोडून दिला.

ड्रायव्हर न्यायला आला. सगळ्यांसमोर रोबोचा ट्रक करायला गेला आणि उजवा हात कटकन टेबलावर पडला. पहिलं सुचलं ते भावाला. तुकडा उचलून म्हणाला, “हे बघा, तड्याच्या आत अस्तर उतरलंय. म्हणजे तडा आधीचा. खोलतानाच गेलाय.”

इथवर तो खरंच बोलला.

“आणि खोलतं कोण?” हे भावजयीनं विचारलं. “वन्सं, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणत होता ना तुम्ही परवा?”

“तो खांदा मी काढलेलाच नाही,” ताई म्हणाली. “यानं काढलाय. पिन चौथ्या खणात होती. मी काढली असती तर तिसऱ्यात असती.”

“मी? अकरा वर्षांत मी कधी पिना काढल्यात?” त्यानं मला उचलून हलवलं. “आणि साक्ष कुणाची, तर या डबीची! जाऊ दे ताई. मी रागावलोय का तुझ्यावर? वय झालं की हात जड होतो.”

रागावला असता तर ती भांडली असती. मेल्यानं तिला माफ केलं.

ड्रायव्हर तिच्या हातांकडे बघत राहिला. “आधी सांगितलं असतंत, तर मी समजून घेतलं असतं हो,” एवढंच म्हणाला आणि रोबो दुरुस्तीला ठेवून गेला.

आता टेबलाशी भाऊ बसतो, ताई आतल्या खोलीत खोकी बांधते. माझ्यात रबरबँड भरलेत. परवा तिनं ते बाजूला सारले, तिसऱ्या खणात बोट घातलं, मग चौथ्यात, आणि पुटपुटली, “टाकली असेन का मीच?” माझ्या बाराही खणांची लाही लाही झाली. बाईचं काम काढून घेतलंत, आता तिची खात्रीही काढून घेतलीत!

ड्रायव्हरदादा, जुना खांदा पुडीत बांधून खोक्यात घातलाय. टाकू नका. पिनेच्या भोकात बघा, ओरखडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत. ताईनं काढलेल्या पिनेचे असे ओरखडे नसतात. तुमच्या रोबोच्या बाकीच्या सांध्यांशी ताडून बघा. एवढं कराच.

खोकं बंद करायला तिच्याकडेच आलं. वर भावाची चिठ्ठी होती. ती तिनं बोट ठेवत, अक्षर लावत वाचली, नीट घडी घालून परत आत ठेवली आणि चिकटपट्टी ओढली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. नवा खांदा बसवून दिला आहे. पहिला मोडण्यास जबाबदार: ताई.