कंट्रोलचा ब्लॉक

"एमएस्सी, बर्फ आणताय की झोप लागली?" काका मायक्रोटोमवरची, म्हणजे मेणाचे पातळ काप काढायच्या यंत्रावरची, नजर न हलवता म्हणाले.

एमएस्सी करून या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नवीन लागले, म्हणून मी 'एमएस्सी'. मी ट्रे पुढे सरकवला. बर्फावर मेणाचे दोन ब्लॉक पालथे ठेवले होते. एकात काल आलेल्या एका बाईच्या फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा, दुसरा नऊ वर्षांपूर्वीचा, कडेने पिवळा पडलेला.

या जातीच्या गाठीत पेशींचे पुंजके असतात. काही गाठींत त्या पुंजक्यांना बिलगून बारीक, लांबट आधारपेशी असतात. साध्या रंगात त्या ओळखू येत नाहीत. खास रंग दिला की तपकिरी होतात. रंग नीट चढला का, हे कळायला शेजारी रंग हमखास चढणाऱ्या गाठीचा एक पातळ काप, म्हणजे सेक्शन, लावतात, ते कंट्रोल. आमचं कंट्रोल त्या पिवळ्या ब्लॉकमधून यायचं.

तो कुणाचा, हे मला जुन्या रजिस्टरात सापडलं होतं. नमुना आणणाऱ्याच्या रकान्यात काकांची सही होती. नातं : पती.

"काका, अपेंडिक्सचं कंट्रोलही चालतं ना? त्यातही हा रंग चढतो." मी तेव्हा विचारलं होतं.

"चालतं की." त्यांनी चष्मा पुसला. "पण तिला नुसतं बसून राहायला आवडायचं नाही गं."

आता मेणात कागदाच्या जाडीइतकी काकू उरली होती. चार मायक्रॉनचं एकेक कापलं तर सोळा सेक्शन. काका दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. तोवर ती पुरावी, एवढंच त्यांना हवं होतं.

त्यांनी आधी नव्या ब्लॉकवरचं जादा मेण छिलून काढलं. त्यासाठी जाडीचा आकडा वीस मायक्रॉनवर ठेवतात. मग तो पुन्हा बर्फावर ठेवून त्यांनी काकूंचा ब्लॉक लावला आणि चाक फिरवलं.

आकडा वीसवरच होता.

मला तो दिसला. चाळीस वर्षं हे चाक फिरवणाऱ्या माणसाला टोकायचं कसं, या विचारात एक फेरा गेला, दुसरा गेला, तिसरा. पात्यावरून जाड, पांढरट वळ्या ट्रेमध्ये पडल्या.

काका थांबले. त्यांनी आकडा पाहिला. मग माझ्याकडे.

"दिसला होता?"

"हो, काका."

"मग बोलायचं. मशीनपुढे कुणी काका नसतो."

आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं वाटलं असतं.

त्यांनी आकडा चारवर आणला. एकच फेरा. कोपऱ्यात फाटलेलं एक सेक्शन निघालं. ब्रशने उचलून त्यांनी ते कोमट पाण्यावर सोडलं, सुरकुत्या जाईपर्यंत थांबले आणि काचेवर झेललं. मागे ब्लॉकमध्ये नुसतं मेण होतं.

दुपारी दोन्ही स्लाइड रंगून आल्या. काकूंच्या स्लाइडवर पुंजक्यांभोवती तपकिरी धागे स्वच्छ उठले होते. त्या बाईच्या स्लाइडवरही होते, विरळ. तेवढ्यावरून तिचं बरं होईल की वाईट, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. पण रंगावर विश्वास ठेवता येत होता.

"बघायचंय, काका?" मी खुर्चीवरून उठले.

ते वाकले. बराच वेळ त्यांनी स्लाइड जराही सरकवली नाही.

मग रजिस्टर ओढून वळणदार अक्षरात लिहिलं : 'कंट्रोल संपलं. पुढे अपेंडिक्स.' रिकामा ब्लॉक कचऱ्यात टाकायचा असतो. काकांनी तो पुसला, खणात त्याच्या क्रमांकाच्या जागी ठेवला आणि खण लावला.

"आण पुढचा," ते म्हणाले. "आणि आकडा तू वाच. मोठ्याने."