शुद्धीचा दाखला

सन पस्तीस साली मी वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणून वाचलं आणि त्याचा त्रास अख्ख्या घराला झाला. पुस्तक माणसाच्या शुद्धीबद्दल होतं. माणूस झोपेत चालतो तो कसा, जादूगाराने नजर रोखली की चांगली शहाणी माणसं खुळ्यासारखी का वागतात, असलं सगळं. नाशिक रोडच्या छापखान्यात कारकुनी करणाऱ्याने हे वाचायचं काही कारण नव्हतं. पण अर्ध्या हळकुंडाने पिवळं व्हायची मला उपजतच खोड. त्यातले दोन धडे मला समजले, आणि उरलेले मी लोकांना समजावून सांगायला लागलो.

माझा थोरला भाऊ खंडेराव. स्टेशन ते पंचवटी असे त्याचे चार टांगे चालत. त्याने आपली लेक साळू, वय वर्षं पंधरा, हरसूलच्या रावजीला द्यायचं ठरवलं. रावजी चाळिशी उलटलेला, दोन बायका मातीआड करून तिसरीला निघालेला. पण त्याच्याकडे चराऊ रान भरपूर होतं, आणि दादाला माणसांपेक्षा घोड्यांचं जास्त कळे. कुसावहिनी एकदाच म्हणाली की पोर लहान आहे. दादा म्हणाला, तुला काय कळतं. झालं, विषय संपला.

पुढच्या मंगळवारी आरती चालू असताना वहिनीच्या अंगात आलं.

सोळा वर्षांच्या संसारात कधी आलं नव्हतं. केस मोकळे सोडून ती घुमायला लागली आणि गडावरची देवी तिच्या तोंडून बोलली, "खंड्या, माझी पोर त्या बिजवराला दिलीस तर तुझ्या तबेल्यात खूर राहायचा नाय."

दादाने तिथल्या तिथे हात जोडले. शापाला तो भ्याला नसता, भ्याला तो नावाला. वहिनीने नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. नावच काय, नावासारखा शब्दसुद्धा तिला चालत नसे. खंडोबाला ती 'जेजुरीचा देव' म्हणायची आणि खंडीभर ज्वारीला 'वीस मण'. अशी बाई भर आरतीत 'खंड्या' म्हणते, म्हणजे बोलणारी दुसरीच कोणी, हे शेंबड्या पोरालाही पटलं असतं.

रावजीला मात्र पटलं नाही. त्याने निरोप धाडला की अंगात येणारी डोंगरात आम्ही रोज बघतो, त्यातली निम्मी सोंगं. आपल्यासमोर परीक्षा व्हावी. खरी देवी असेल तर पाया पडून परत जाईन, सोंग असेल तर याच महिन्यात अक्षता. दादाने ते कबूल केलं. परीक्षा कोण घेणार, तर गोरक्ष, म्हणजे मी. तो शिकलेला आहे ना!

खरं सांगतो, मला आनंद झाला. रावजी मलाही नको होता, पण शास्त्र ते शास्त्र, त्यात काका-पुतणी नसते, असं मी साळूलाच ऐकवलं. ती रडत म्हणाली, काका, तुम्ही नाही म्हणा ना. तर मी तिला बसवून समजावलं, की खरी तंद्री लागलेल्या माणसाला सुई टोचली तरी कळत नाही, आणि सोंग करणारा हटकून हात ओढतो. वहिनी पलीकडे चुलीशी बसली होती.

मंगळवारी चार वाजता रावजी पटका बांधून आला. आरती झाली, धुपाटण्यात ऊद पडला, वहिनीच्या अंगात आलं. मी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे आधी नाडी पाहिली. ती जोरात होती, पण घुमणाऱ्या बाईची असणारच. मग कपडे शिवायची सुई काढली. रावजी हसला. असल्या काट्याने काय होतंय, म्हणाला, आणि खुंटीवरचा दाभण त्याने माझ्या हातात दिला. घोड्यांचं सामान शिवायचा दाभण, बोटभर लांब.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि इतकी माणसं आपल्याकडे बघतायत याचं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं. मी वहिनीचा डावा हात धरला आणि अंगठ्याच्या बेचक्यात दाभण घातला, चांगला अर्ध्यापर्यंत.

वहिनी घुमतच राहिली. हात नाही ओढला, की डोळ्याची पापणी नाही लवली. उलट ती हसली आणि म्हणाली, "खंड्या, अजून बघायचंय का?"

रावजीचं तोंड उतरलं. मी ऐटीत सांगितलं, की अशी वेदना शुद्धीतल्या माणसाला सोसणं अशक्य. दादाने तर देवीच्या पायांवर लोटांगण घातलं. आणि ते घालताना त्याच्या उपरण्याचं टोक धुपाटण्यातल्या विस्तवात गेलं आणि भुरकन पेटलं.

"अहो, उपरणं!" देवी म्हणाली.

दादाने उपरणं झटकून विझवलं. मग सगळे जागच्या जागी थांबले. आदिमाया आपल्या भक्ताला 'अहो' म्हणाली होती, आणि ते जमलेल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. साळू दाराची चौकट धरून उभी होती. रावजीने सावकाश पटका नीट केला.

"काय गोरक्षराव, तुमच्या शास्त्रात देवी 'अहो' म्हणती का?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती दादाकडे बघत होती, आणि तिच्या हातातून रक्ताची धार लागली होती.

"देवी तेव्हाच गेली होती," मी म्हणालो. "आगीच्या भीतीने तंद्री तुटली आणि वहिनी शुद्धीवर आली. हे असंच होतं. पुस्तकात पान एकशे बारावर आहे."

त्या पानावर झोपेत घोरण्याबद्दल काहीतरी होतं. पण छापील पानापुढे रावजीचं काही चालेना. दादाने जळकं टोक बोटांत धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "देवीचा शब्द झाला. रावजी, जेवून जा." रावजी जेवला नाही, पण बोलल्याप्रमाणे परत गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा हात मनगटापर्यंत सुजला होता. हळदीची पट्टी बांधून ती एका हाताने भाकरी थापत होती. मी जवळ जाऊन बसलो. मला माझी लाज वाटत होती, तरी विचारल्याशिवाय राहवेना.

"वहिनी, खरं सांग. दाभण टोचला तेव्हा कळलं का गं?"

"लय कळलं, भाऊजी."

"मग हललीस कशी नाहीस?"

"हलले असते तर साळू गेली असती."

तव्यावरची भाकरी तिने उलटली.

"आणि एवढं सोसून शेवटी 'अहो' कशाला म्हणालीस?"

वहिनी लाजली. तिशी ओलांडलेली बाई, नव्या नवरीसारखा पदर पुढे ओढला.

"ते नाय कळलं मला," ती म्हणाली. "तुमी सगळे थांबलात, तवा समजलं की कायतरी बोलून गेले."

मी परातीतला गोळा माझ्याकडे ओढला आणि मला येत नव्हत्या तरी भाकरी थापायला लागलो. पुस्तक मी त्याच आठवड्यात परत करून टाकलं.